रोजचे कपडे आणि बूट: किती वापर झाला की जातात, आणि आधी कुठून जातात?

उसवण
'शर्ट किती वर्षं टिकतो?' या प्रश्नाला वर्षांत उत्तर दिलं की ते हमखास फसतं. साधं गणित बघा. आठवड्याचे सहा दिवस शर्ट लागतो आणि कपाटात चारच शर्ट आहेत, तर प्रत्येक शर्ट वर्षाला ७८ वेळा अंगावर येतो आणि ७८ वेळा धुतला जातो. तेच शर्ट बारा असले तर फक्त २६ वेळा. लाँड्रीवाल्यांचा जुना ठोकताळा आहे की रोजचा शर्ट ३५ ते ५० धुण्यांत 'वापरला' जातो. मधला आकडा ४५ धरला तर पहिल्या माणसाचा शर्ट सात महिन्यांत गेला आणि दुसऱ्याचा पावणेदोन वर्षं चालला. कापड तेच, शिवण तीच.

तेव्हा या धाग्यावर वर्षं नकोत. किती वापर, किती धुणी, किती किलोमीटर ते लिहा. आणि कुठून गेलं ते नक्की लिहा, कारण सगळा कपडा एकदम कधीच जात नाही. एक जागा जाते आणि तिच्यापायी बाकीचा धडधाकट कपडा फडक्यांत जमा होतो.

ताणाबाणा
चांगला धागा. कापडापासून सुरुवात करतो.

कापड किती घासण्याला टिकतं हे मोजायला मार्टिनडेल नावाचं यंत्र असतं. कापडाचा गोल तुकडा प्रमाणित लोकरी कापडावर ठरावीक दाबाने वळणावळणाच्या मार्गाने घासत राहायचं. अंगावरच्या कपड्यांसाठी दाब ९ किलोपास्कल, कामाच्या कपड्यांसाठी आणि सोफ्याच्या कापडासाठी १२. विणलेल्या कापडात दोन धागे पूर्ण तुटले की चाचणी थांबते, होजिअरीत (टी-शर्टासारख्या फासांच्या कापडात) एक धागा तुटून भोक पडलं की थांबते. म्हणजे यंत्राच्या लेखीसुद्धा दोन धागे गेले की कापड संपलं.

पण हा आकडा सपाट कापडाचा. कॉलरची घडी, कफची धार, खिशाचं तोंड इथे कापड दुमडलेलं असतं आणि सगळं घर्षण एका रेघेवर येतं. म्हणून मधलं कापड नव्यासारखं असताना धार विरते.

धाग्याबद्दल तीन गोष्टी बघाव्यात. एक, तंतूची लांबी. आखूड तंतूंच्या सुतात टोकं जास्त असतात, ती बाहेर येतात, लव उठते आणि कापड लवकर पातळ होतं. लांब तंतूचा आणि विंचरलेला (लेबलवर 'कोम्ब्ड') कापूस इथे बराच पुढे असतो. दोन, एकेरी सूत की दुपदरी. दुपदरी सूत त्याच जाडीच्या एकेरी सुतापेक्षा घासण्याला जास्त टिकतं. तीन, ओलं झाल्यावर काय होतं. सुती धागा ओला झाला की उलट जास्त मजबूत होतो. व्हिस्कोस (रेयॉन) ओलं झालं की निम्म्याच्या आसपास ताकद गमावतं. त्यामुळे व्हिस्कोसचा कुर्ता पिळून काढला की त्याचं आयुष्यही पिळून काढलं समजा.

शंकेखोर
एवढं सगळं कशाला? जाड कापड घ्या, जास्त टिकतं. विषय संपला.

ताणाबाणा
@शंकेखोर, जीन्सच्या बाबतीत बऱ्यापैकी खरं. १२ औंसाचं डेनिम म्हणजे चौरस मीटरला साधारण ४०० ग्रॅम, ते १० औंसापेक्षा जास्त चालतं. टी-शर्टात मात्र नुसतं वजन फसवतं. १८० ग्रॅमचं सैल विणलेलं कापड १५० ग्रॅमच्या घट्ट विणलेल्यापुढे लवकर हार मानतं. दुकानात करायची परीक्षा: कापड उजेडासमोर धरा. प्रकाश सगळीकडे सारखा आला तर ठीक. ढगांसारखे जाड-पातळ पट्टे दिसले तर सूतच असमान आहे. मग तळहाताने वीसेक वेळा जोरात चोळा. तेवढ्यावर लव उठली तर पुढचं सांगायला नको.

बाजूची शिवण खाली येताना पोटाकडे वळलेली दिसते का तेही बघा. एकेरी सुताच्या होजिअरीत सुताचा पीळ कापडाला तिरकं ओढतो. टिकण्याशी थेट संबंध नाही, पण तीन-चार धुण्यांत टी-शर्ट अंगावर वाकडा बसायला लागतो आणि मग तो कोणी घालत नाही.

टाचणी
गोळ्यांबद्दल कोणी सांगेल का? पॉलिएस्टर मिसळलेलं कापड मजबूत म्हणतात, मग गोळे त्यावरच का जास्त दिसतात?

ताणाबाणा
मजबूत आहे म्हणूनच. गोळे सगळ्याच कापडावर होतात. सुती कापडावर गोळ्याला धरून ठेवणारा तंतू कच्चा असतो, तो तुटतो आणि गोळा धुण्यात निघून जातो. पॉलिएस्टरचा तंतू तुटत नाही, गोळा लोंबकळत राहतो. म्हणजे कपडा विरलेला नसतो, विद्रूप झालेला असतो. गोळे काढायच्या यंत्राने काढा, हाताने उपटू नका. उपटताना आतला चांगला तंतूही बाहेर ओढला जातो आणि तिथेच पुढचा गोळा तयार होतो.

काजबटण
शिवणीबद्दल. अर्धेअधिक कपडे कापड जायच्या आधी शिवणीत जातात, आणि हे विकत घेतानाच दिसतं.

कपडा उलटा करा. शर्टाला इंचात १२ ते १६ टाके असावेत. सात-आठ असतील तर घाईचं काम आहे. फार दाट टीपही वाईट: पातळ कापडात सुईची भोकं इतकी जवळ येतात की तिकिटासारखं तिथूनच फाटतं. मग माया (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड) बघा. नुसतं ओव्हरलॉक आणि अर्ध्या सेंटिमीटरची माया असेल तर गुळगुळीत, सैल विणीच्या कापडात धागे शिवणीतून सरकून बाहेर येतात. टीप शाबूत राहते, पण शेजारी शिडीसारखी फट पडते. ती पुन्हा शिवताही येत नाही कारण धरायला कापडच उरत नाही. एक सेंटिमीटर माया हवीच.

बटण: तयार कपड्यांची बटणं बहुतेक साखळी टाक्याने लावलेली असतात. योग्य टोक ओढलं गेलं की सगळा टाका सर्रकन उसवतो. नवा शर्ट आणला की मागे लोंबणारी टोकं बघून बटणं पुन्हा लावून घ्या. बटण आणि कापड यांच्या मध्ये आगकाडी ठेवायची, प्रत्येक भोकातून चार वेळा दोरा, काडी काढायची, तयार झालेल्या देठाभोवती तीन-चार वेढे आणि मागे गाठ. देठ नसेल तर बटण कापडाला घट्ट चिकटतं, काज लावताना कापड ओढलं जातं आणि बटण कापडाचा तुकडा घेऊनच निघतं.

कॉलर विरली म्हणून शर्ट टाकू नका. वरची कॉलर आणि तिची पट्टी यांच्यामधली शिवण उसवायची, उसवण्याआधी दोन्हींच्या मध्यावर टाचणीने खूण करायची, कॉलर पलटायची आणि त्याच रेघेवर टीप मारायची. विरलेली बाजू घडीखाली जाते. अट एवढीच की कॉलरच्या दोन्ही बाजूंना एकच कापड हवं आणि टोकांना बटणं नकोत. कॉलरच्या आत चिकटवलेल्या बक्रमाला (कडक अस्तराला) फुगे आले असतील तर पलटून उपयोग नाही. तो गोंद सुटलाय, तो परत बसत नाही.

शंकेखोर
टी-शर्टाला बेंबीच्या आसपास बारीक भोकं पडतात त्याला काय म्हणाल? आमच्याकडे सगळे कसरीवर खापर फोडतात.

काजबटण
कसर बिचारी निर्दोष आहे. तिच्या अळीला लोकर, रेशीम, केस, पिसं लागतात. स्वच्छ सुती टी-शर्टात तिला खायला काही नसतं. ती भोकं जीन्सच्या धातूच्या बटणाची किंवा पट्ट्याच्या बकलाची. ओट्याच्या कडेला टेकून उभं राहिलं की कापड बटण आणि कड यांच्यात चिमटलं जातं. रोज शंभर वेळा. होजिअरीत एक फास तुटला की भोक. खात्री करायची असेल तर टी-शर्ट घालून आरशासमोर उभे राहा: भोकं बरोबर बटणावर येतील. त्या बटणावर आतून पातळ कापडाची झडप शिवली की प्रश्न मिटतो.

साबणफेस
आता धुलाई. घालून जेवढं झिजतं त्याच्या बरोबरीने धुऊन झिजतं, त्यामुळे न मळलेला कपडा धुणं ही निव्वळ उधळपट्टी आहे. यंत्राच्या गाळणीत साठणारा लिंट म्हणजे आपलेच कपडे.

थोडक्यात सांगतो, कारण बहुतेकांना माहीत असूनही करत नाहीत.

शर्टाची बटणं काढून धुवा, नाहीतर पिळताना ताण काजावर येतो. चेन आणि हूक मात्र लावून धुवा, नाहीतर उघड्या चेनचे दात शेजारच्या होजिअरीला करवतीसारखे लागतात. गडद कपडे आणि जीन्स उलट्या करून. ड्रममध्ये वर वीतभर जागा सोडा. ठासून भरलं की कपडा पाण्यात फिरत नाही, कपड्यावर कपडा घासला जातो. पावडर मापाने. जास्त पावडर धुऊन निघत नाही, कापड कडक होतं आणि कडक कापड घडीवर तुटतं.

कॉलरवर ब्रश मारायचं सोडा. कॉलरचा मळ मुख्यतः अंगाचं तेल आहे. त्यावर थोडं द्रव डिटर्जंट बोटाने चोळून १५-२० मिनिटं ठेवलं तर तेल सुटतं. ब्रश तेलही काढतो आणि धार पण.

क्लोरीन ब्लीच: पांढऱ्या सुतीला क्वचित आणि पातळ करून ठीक. ते मळाबरोबर कापसालाही खातं. ज्यात इलास्टेन (कपडा ताणू देणारा रबरी धागा) आहे त्याला कधीच नाही, पिवळं पडतं आणि ताण जातो. काखेतले पिवळे डागही नुसत्या घामाचे नसतात, घामरोधकातली अॅल्युमिनियमची संयुगं आणि घाम मिळून होतात. त्यावर क्लोरीन मारलं तर डाग आणखी पिवळा होऊ शकतो. सोडियम परकार्बोनेटवालं ऑक्सिजन ब्लीच, ४० अंशांचं पाणी, तासभर भिजवण. मात्र लोकर आणि रेशमाला हेही नको, आणि एन्झाइमवालं डिटर्जंटही नको. त्यातलं प्रोटिएझ प्रथिनं तोडतं आणि ही दोन्ही कापडं प्रथिनांचीच आहेत.

वाळवणं सावलीत, उलटं करून. उन्हाने नुसता रंग विटत नाही, तंतू कच्चा होतो. रेशीम आणि नायलॉन सगळ्यात आधी.

टाचणी
ताणल्या जाणाऱ्या जीन्सचे गुडघे आणि बूड ढिलं पडतं, कापड मात्र धड असतं. तेही इलास्टेनमुळेच?

साबणफेस
हो. इलास्टेन दोनच टक्के असलं तरी आकार तेच धरून ठेवतं. उष्णता, क्लोरीन आणि अंगाचं तेल हे तीन त्याचे वैरी. ड्रायरमध्ये गरम वाळवणं आणि कडक इस्त्री बंद केली तर फरक दिसतो. बारीक रबरी केसासारखे धागे शिवणीतून बाहेर डोकावायला लागले की समजायचं, इलास्टेन तुटलं. ते दुरुस्त होत नाही.

सुखतळा
बुटांवर कोणीच बोलेना, म्हणून लिहितो. जरा लांबेल.

बुटाला किलोमीटर लावा. धावायच्या बुटांचा सर्वमान्य ठोकताळा ५०० ते ८०० किमी आहे. आता दिवसाला ८००० पावलं चालणाऱ्याचं बघा. पाऊल ७० सेंमी धरलं तर रोज ५.६ किमी. एकच जोड रोज घातला तर ८०० किमी १४३ दिवसांत होतात, पाच महिनेसुद्धा नाहीत. 'वर्षही झालं नाही आणि बूट गेला' ही तक्रार बहुतेक वेळा इथे येऊन थांबते.

या बुटांत आधी जातो तो मधला फोम, खालचं रबर नाही. ईव्हीए म्हणजे हवेच्या बंद बुडबुड्यांचा फोम. दाबून दाबून बुडबुडे चपटे होतात. रात्रभर विश्रांती मिळाली तर थोडी उंची परत येते, पूर्ण कधीच नाही. ओळख: बाजूने फोमवर आडव्या सुरकुत्या दिसतात, अंगठ्याने दाबलं तर नव्यासारखा उसळत नाही, आणि टेबलावर ठेवून मागून बघितलं तर बूट एका बाजूला कललेला दिसतो. टाचेची बाहेरची कड जास्त झिजणं साधारण नेहमीचं, कारण बहुतेकांची टाच तिथूनच टेकते. दोन्ही बुटांची झीज अगदी वेगवेगळी असेल तर मात्र चालीकडे लक्ष द्या.

चामडी बूट. यात सोल शिवलेला आहे की चिकटवलेला, हा एकच प्रश्न आयुष्य ठरवतो. वेल्टवर (वरच्या चामड्याला कडेने शिवलेल्या पट्टीवर) शिवलेला सोल काढून नवा बसवता येतो आणि वरचं चामडं नीट सांभाळलं तर हे अनेकदा करता येतं. चिकटवलेल्याचा सोल झिजला की बदलणं अवघड, बऱ्याचदा परवडत नाही. फसवणूक एक आहे: साच्यातल्या रबरावर नुसते शिवणीसारखे उठाव काढलेले असतात. सुखतळा उचलून आत बघा, किंवा नखाने टाका हलतो का ते बघा.

टाचेखालची रबरी पट्टी दोनेक मिलिमीटर उरली की बदलून घ्या. पट्टी संपून टाचेचा मूळ ठोकळा झिजायला लागला की दहा मिनिटांचं काम मोठं होतं.

आणि एक जोड सलग दोन दिवस घालू नका. पायाच्या घामाने अस्तर आणि सुखतळा ओले असतात, वाळायला किमान २४ तास लागतात. ओलं चामडं वाकवलं की ताणतं, घामातल्या क्षारांनी कडक होतं आणि चवड्यापाशी घडीवर चिरतं. भिजला तर आत कागदाचे बोळे, दोन-तीन तासांनी बदलायचे, वारा चालेल. ऊन आणि हीटर बिलकुल नको.

शंकेखोर
मग दोन जोड घेऊन एक जपून ठेवला तर? न वापरलेला बूट तर टिकेल ना?

सुखतळा
नाही, आणि हे अनेकांना पटत नाही. पीयू (पॉलियुरेथेन) सोल असेल तर तो डब्यात बसल्या बसल्या मरतो. हवेतल्या ओलाव्याने पॉलियुरेथेनची साखळी तुटत जाते. पॉलिएस्टर जातीच्या पीयूत हे जास्त होतं, पॉलिइथर जातीच्या पीयूत बरंच कमी. दिसायला कोरा बूट, आणि घालून शंभर पावलं चालल्यावर सोल ओल्या बिस्किटासारखा तुकड्यातुकड्याने गळतो. उष्ण आणि दमट जागेत काही वर्षांतच. यावर गोंद चालत नाही, कारण चिकटवायला धड पृष्ठभागच उरत नाही. नखाने टोचून बघा: चिकट किंवा भुसभुशीत लागलं तर गेला. तेव्हा पीयू सोलचे बूट साठवू नका, घाला. रबर आणि ईव्हीएला हा रोग असा होत नाही.

रेक्झिनचंही तेच. कापडावरचा पीयूचा थर पापुद्र्यासारखा सुटायला लागला की पॉलिशने तो परत बसत नाही.

उसवण
फक्त पुढून सोल सुटलाय, सोल मात्र धड आहे. घरी चिकटवायची नेमकी कृती?

सुखतळा
झटपट गोंद वापरू नका. तो काचेसारखा कडक होतो आणि वाकण्याच्या जागी पहिल्याच दिवशी तडकतो.

कॉन्टॅक्ट गोंद घ्या. आधी जुना गोंद खरवडून पूर्ण काढा. नवा गोंद जुन्यावर बसत नाही, निम्मी कामं इथेच फसतात. ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिशपेपरने दोन्ही बाजू खडबडीत करा, धूळ झटका, कोरड्या फडक्याने पुसा. बूट पूर्ण कोरडा हवा. दोन्ही बाजूंना पातळ थर, जाड नको. १० ते १५ मिनिटं थांबा: बोट लावल्यावर चिकटलं नाही पाहिजे. इथे घाई केली की आत द्रावक अडकतो आणि जोड मऊच राहतो. मग हेअर ड्रायरने दोन्ही थर जरा गरम करा आणि चवड्याकडून टोकाकडे नीट जुळवत बसवा. एकदा टेकला की सरकवता येत नाही. या गोंदाला वेळेपेक्षा जोर महत्त्वाचा, तेव्हा हातोडीच्या मुठीने सगळीकडे ठोका, दोरीने आवळा, २४ तास घालू नका.

सोल मऊ पीव्हीसीचा असेल तर नेहमीचा पिवळा निओप्रीन गोंद काही दिवसांनी लिबलिबित होतो, पीव्हीसीतलं तेल त्यात उतरतं. तिथे पीयू गोंदच लागतो.

टाचणी
काजबटण, जीन्स मांड्यांच्या मध्ये जाते त्याचं काय? भोक पडल्यावर लावलेलं ठिगळ कडेने परत फाटतं.

काजबटण
ठिगळ फार जाड लावलं जातं आणि फार उशिरा लावलं जातं.

डेनिममध्ये निळा धागा उभा आणि पांढरा आडवा. आसनापाशी निळे उभे धागे आधी तुटतात आणि पांढऱ्या आडव्या धाग्यांची जाळी उरते. ती दिसायच्या आधी काम करायचं. महिन्यातून एकदा जीन्स उलटी करून आसन उजेडासमोर धरा. प्रकाश झिरपायला लागला की तीच वेळ.

मूळ कापडापेक्षा पातळ पण घट्ट विणीचं सुती कापड घ्या आणि आधी धुऊन आटवून घ्या. विरलेल्या भागापेक्षा सगळीकडून दोन-तीन सेंटिमीटर मोठा तुकडा, कोपरे गोल कापलेले. चौकोनी कोपरा सुटतो आणि ताण तिथेच गोळा होतो. चिकट जाळीने आतून इस्त्री करून बसवा, म्हणजे शिवताना सरकत नाही. मग मशीनवर उभ्या धाग्याच्या दिशेने पुढे-मागे टिपा, दोन रेघांत तीन-चार मिलिमीटर अंतर. रेघा सगळ्या एकाच ठिकाणी संपवू नका, काही आखूड काही लांब ठेवा. सरळ कडेने एकच टीप मारली तर बरोबर त्या रेघेवर पुढचं फाटणं ठरलेलं, तुमचं तेच होतंय. आसनात चार शिवणी एकत्र येतात तिथे सुई मोडते. हाताने चाक फिरवत न्या, १०० किंवा ११० नंबरची सुई लावा.

शंकेखोर
शेवटचं. मोजे. नेहमी उजव्याच पायाचा टाचेशी जातो, डावा कोरा. दोन्ही पाय सारखेच चालतात ना?

सुखतळा
उजव्या बुटात हात घाला आणि टाचेमागचं अस्तर बोटाने चाचपा. बहुधा ते फाटलेलं असेल आणि आतला कडक पुठ्ठा किंवा प्लास्टिक उघडं पडलं असेल. तो मोज्याला कानशीसारखा लागतो. टाचेमागे नवा पातळ चामड्याचा तुकडा आतून चिकटवून घ्या, वरची कड छिलून पातळ केलेली, नाहीतर फोड येतो. बूट घालताना नाडी सोडून शूहॉर्न वापरा. नाडी न सोडता पाय कोंबल्यामुळेच अस्तर तिथे फाटतं, आणि ज्या पायात आधी बूट कोंबायची सवय असते तोच बहुतेक आधी जातो.